मिस्त्रीच्या हातची येझ्दी : एका स्वस्त, जुन्या मोटारसायकलीचा इतिहास कसा वाचावा

जुनी येझ्दी प्रथमच सुरू करू पाहणारा नवखा माणूस सहसा उजव्या बाजूला किक शोधतो. ती तेथे नसते. डाव्या बाजूलाही गियरच्या दांडीखेरीज काही दिसत नाही. मग कुणी जाणता येतो, तीच दांडी आत दाबून वर फिरवतो आणि तिच्यावरच पाय मारून गाडी सुरू करतो. गियर आणि किक एकच! या एका दांडीमागे प्राग, मुंबई आणि म्हैसूर या तीन शहरांचा इतिहास उभा आहे. तिच्या झिजलेल्या रबरामागे मात्र आणखी एक इतिहास आहे, जो फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही : दुरुस्तीचा. हा धागा मुख्यतः त्या दुसऱ्या इतिहासाविषयी आहे. पण तेथवर जाण्यासाठी आधी प्रागला जावे लागते.

फ्रांतिशेक यानेचेक हा मूळचा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. १९२९ साली त्याने वांडरर या जर्मन कंपनीकडून पाचशे सीसीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकचे ‘या’ आणि वांडररचे ‘वा’ मिळून नाव झाले. चेक भाषेत त्याचा उच्चार ‘यावा’. आपल्याकडे रोमन अक्षरे इंग्रजी वळणाने वाचली गेली आणि ‘जावा’ रूढ झाले. पहिली पाचशे सीसीची गाडी जड आणि महाग होती. तिने कंपनीला फारसा हात दिला नाही. मंदीच्या काळात, १९३२ च्या सुमारास, ब्रिटिश व्हिलियर्स इंजिन बसवलेली १७५ सीसीची हलकी, स्वस्त गाडी आली आणि तिनेच कारखाना तारला. कमी भागांची, साध्या माणसाला परवडणारी गाडी हे सूत्र तेव्हापासून जावाला चिकटले.

१९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. व्याप्त कारखान्यात अभियंत्यांनी गुपचूप अडीचशे सीसीच्या एका नव्या टू-स्ट्रोक गाडीवर काम चालू ठेवले. यानेचेक १९४१ मध्ये वारला. ती गाडी त्याला पाहता आली नाही. १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात ती झळकली आणि मागच्या चाकाच्या स्प्रिंगांवरून ‘पेराक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५४ पासून मागे झुलता दांडा असलेली सुधारित आवृत्ती आली, आणि भारतात पुढे जी ‘जावा’ बनली ती हिचीच लेक. युद्धोत्तर चेक अभियंत्यांचा कल स्पष्ट दिसतो. जे काम एका भागात भागते त्यासाठी दोन भाग कशाला? गियरची दांडी हलवताच क्लच आपोआप सुटावा, अशी सोयही त्यांनी याच विचारातून केली होती.

आता मुंबई. पन्नासच्या दशकात येथील इराणी कुटुंबातील रुस्तम इराणी हे जावा गाड्या आयात करून विकत. परकीय चलनाची टंचाई वाढली, आयातीवर निर्बंध आले आणि तयार गाड्या आणण्याचा धंदा अवघड झाला. परवाना घेऊन येथेच उत्पादन करणे हाच मार्ग उरला. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये ‘आयडियल जावा’ ही कंपनी उभारली. म्हैसूरच्या यादवगिरी भागात कारखाना निघाला. त्याचे उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झाले आणि १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ च्या सुमारास चेक नाव गेले आणि टाकीवर ‘येझ्दी’ आले. हे नाव इराणातील याझ्द या शहराचे, म्हणजे कुटुंबाच्या मूळ भूमीचे. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ब्रून मस्का खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की त्या हॉटेलांच्या अनेक मालकांचे पूर्वजही याच याझ्दच्या परिसरातून आले होते.

येथवरचा इतिहास कागदांवर मिळतो : परवाने, जाहिराती, नमुना क्रमांक. गाडी विकली गेली की हे कागद थांबतात. गाडी मात्र त्यानंतर तीस-चाळीस वर्षे चालते.

ती इतकी का चालली? परवाना-राजच्या काळात दुचाकी ही सहज मिळणारी वस्तू नव्हती. कोणी किती उत्पादन करायचे ते सरकार ठरवी. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असत. नवी गाडी मिळणे एवढे कठीण असताना हाती असलेली मोडीत काढणे कोणाला परवडणार? त्यामुळे दुरुस्ती हाच मालकीचा नेहमीचा व्यवहार झाला. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या ग्रंथात तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांना हेच सुनावले होते, की तुम्ही शोध कोणी लावला यातच रमता. वस्तू वापरली कशी गेली आणि टिकवली कोणी, याकडे पाहत नाही. येझ्दी हे त्या आक्षेपाचे अगदी घरचे उदाहरण म्हणता येईल.

दुरुस्ती शक्य होती ती इंजिनाच्या साधेपणामुळे. चार-स्ट्रोक इंजिनात झडपा, त्या उघडणारी कॅमची दांडी, ती फिरवणारी साखळी असा मोठा संसार असतो. टू-स्ट्रोकमध्ये मूलतः तीनच मोठे भाग हलतात : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. सिलेंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन वर-खाली होताना आपोआप उघडतात व मिटतात. वंगणाची टाकीही वेगळी नाही. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचे, जुन्या जावासाठी सुमारे २५ भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरला अंदाजे ४० मिलिलिटर. पाना, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी आणि जवळपास एखादे लेथचे दुकान एवढ्या भांडवलावर हे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधता येते.

म्हणून तालुक्याच्या गावीही या गाडीचा मिस्त्री असे. त्याने कारखान्याचे पुस्तक पाहिलेलेही नसे. तो कुणाच्या तरी हाताखाली पाने पुसत, पार्ट धूत शिकला. स्पार्क देणारे पॉइंट सुमारे ०.४ मिलीमीटर उघडले पाहिजेत, हा आकडा त्याला ठाऊक असो वा नसो. पॉइंटांच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून चाक हळूहळू फिरवायचे आणि कागद ज्या क्षणी सुटेल तो ठिणगीचा क्षण मानायचा, ही रीत त्याच्या बोटांत होती. पिस्टन माथ्याला पोचण्याच्या किंचित आधी ती ठिणगी पडली पाहिजे. उशिरा पडली तर गाडी मरगळते, फार लवकर पडली तर किक उलटी फिरून पायाला मारते. हे ज्ञान लिहिले गेले नाही. ते पोटरीला लागलेल्या माराने लक्षात राही.

लिहिले गेले नाही हे मात्र पूर्ण खरे नाही. ते गाडीवर लिहिले गेले. नवख्या माणसाने स्वस्तात घेतलेली, कोपऱ्यात धूळ खात पडलेली येझ्दी उघडली, की अर्काइव्हमधील बस्ता सोडावा तसे एकेक पान समोर येते.

सर्वांत बोलके पान म्हणजे सिलेंडर. जावाच्या अडीचशे सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलीमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलीमीटर. त्यावरून घनफळ सुमारे २४८.९ सीसी येते. गाडी चालून चालून भिंत झिजते, रिंगांतून दाब निसटतो आणि चढावर गाडी दम टाकते. मग मिस्त्री सिलेंडर लेथवाल्याकडे नेऊन किंचित मोठा कातून घेतो आणि त्या मापाचा ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसवतो. पिस्टनच्या माथ्यावर त्याचे माप कोरलेले असते. काजळी खरवडून तो आकडा वाचला, की गाडीने किती आयुष्य काढले याचा अंदाज येतो. मीटरवरच्या आकड्यापेक्षा या आकड्यावर अधिक विश्वास ठेवावा, कारण मीटरची केबल तुटलेलीच असते. भिंत आणखी कातण्याजोगी उरली नसेल तर आत नवी स्लीव्ह ठोकलेली सापडते. म्हणजे मालकाने त्याही टप्प्यावर गाडी सोडली नाही.

टाकीही अशीच. बारीक पॉलिश पेपरने एक कोपरा हलक्या हाताने घासला तर रंगांचे थर उत्खननातील स्तरांसारखे दिसू लागतात. वर घरगुती ब्रशने लावलेला काळा, त्याखाली एखादा भडक निळा, त्याखाली फिलरचा गुलाबी पट्टा म्हणजे कधीतरीचा अपघात, आणि सर्वांत तळाशी कारखान्याचा मरून. वायरिंग पाहावे. मूळची रचना सहा व्होल्टची, दिवा कंदिलासारखा. पुढे कुणी बारा व्होल्टची व्यवस्था केली, आणि मूळ रंगांच्या तारांत भलत्याच रंगाची तार जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर, वेल्डिंग केलेला स्टँड, सायकलच्या दुकानातला आरसा. टायर तरी अलीकडचे असतील, असे वाटते. तेही तपासता येते. २००० नंतरच्या टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘१४०६’ दिसले तर तो २००६ च्या चौदाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत असली तरी असा टायर प्रथम बदलावा. वाळलेले रबर ओल्या रस्त्यावर दगा देते.

आणि मग क्रमांक. चेसिसवर आणि इंजिनावर ठोकलेले आकडे आरसी बुकातील आकड्यांशी जुळले पाहिजेत. आरटीओच्या कामात कागद चेसिसवर ठेवून त्यावर पेन्सिल घासून आकड्यांचा ठसा घेतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही कृती ओळखीची वाटेल, कारण शिलालेखाचा ठसा घेण्याची पद्धत तत्त्वतः हीच. फरक एवढाच की येथे अक्षर चुकले तर प्रबंध नव्हे, गाडी अडकते. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर बहुधा कुठल्यातरी टप्प्यावर दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले गेले आहे, आणि त्याची नोंद नसेल तर पुढील हस्तांतरण अडते. गाडी कितीही स्वस्त असो, मूळ मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० हाती आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. कागद नसलेली गाडी हा सौदा नव्हे, भंगार आहे.

या गाड्या स्वस्त झाल्या त्यालाही तारखा आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या : १९८४ मध्ये टीव्हीएस-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००. हीरो होंडाचा दावा लिटरला ऐंशी किलोमीटरचा होता. येझ्दी तिशीच्या आसपास रेंगाळे. महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब वहीत मांडणाऱ्या मध्यमवर्गाने निवड केली आणि त्यात चुकले असे म्हणता येणार नाही. म्हैसूरने ‘रोडकिंग’सारखी दमदार गाडी दिली होती, ऑईलचा स्वतंत्र पंप असलेली ‘ऑईलकिंग’ही आणली; पण बाजार सरकला होता. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी यादवगिरीचा कारखाना बंद पडला.

त्यानंतर दशकभर येझ्दी ही कोणालाच नको असलेली गाडी होती. गॅरेजवाले ती ठेवून घ्यायला नाखूश असत. घरातील मोठ्यांना अंगणातील जागा अडते एवढेच दिसे. याच काळात कमी पैशांत गाडी हवी असलेली मुले तिच्याकडे वळली. पुण्यात कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईत चोरबाजारात सुटे भाग हुडकायचे, आणि जुन्या मिस्त्रीसमोर बसून काम शिकायचे. पुढे क्लब निघाले, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिवस साजरा होऊ लागला, आणि २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणल्यावर जुन्या गाड्यांच्या किमती चढल्या. आज चकचकीत ‘रिस्टोर’ केलेली जावा स्वस्त राहिलेली नाही. अर्धवट मोडलेली, चालू न होणारी मात्र अजून नवख्याच्या आवाक्यात सापडते.

येथेच खरा पेच आहे. रिस्टोर करणे म्हणजे काय? प्रचलित उत्तर सोपे आहे : गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायची. सगळा रंग खरवडायचा, क्रोम नवे, तारा नव्या, बोल्टसुद्धा मूळ खुणांचे. असे काम कौशल्याचे असते आणि डोळ्यांना सुखावते. पण त्यात गाडीच्या आयुष्यातील पहिला दिवस जपला जातो आणि उरलेली चाळीस वर्षे भंगारात जातात. देवळाच्या जीर्णोद्धारात जुन्या दगडी भिंतीवर ऑईल पेंट फासला म्हणून हळहळणारे इतिहासप्रेमी मोटारसायकलीच्या बाबतीत नेमके हेच करताना दिसतात, फक्त रंग अधिक महाग असतो.

याचा अर्थ सगळेच राखावे असाही नाही. मिस्त्रीने चिकटपट्टीने जोडलेली तार हा ऐतिहासिक पुरावा असेल, पण ती पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी टाकू शकते. ब्रेकचे झिजलेले लायनर, तडकलेली क्लचची केबल, गंजलेले स्पोक यांच्याबाबत भावना बाजूला ठेवावी, ते बदलायचेच. तारतम्य असे धरता येईल : जिवाशी संबंध असलेले सारे नवे, आणि ज्याने केवळ डोळ्यांना खटकते ते निदान काही दिवस तसेच. काढण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र घ्यावे, काढलेला पिस्टन फेकू नये, आणि ज्या मिस्त्रीने पूर्वी ही गाडी हाताळली तो हयात असेल तर त्याच्याकडे वही घेऊन जावे. ते मिस्त्री आता सत्तरीत आहेत, त्यांची मुले बहुधा दुसऱ्या कामात आहेत. पिस्टन पुन्हा मिळेल.

कामाचा क्रमही नवख्यांच्या कल्पनेच्या उलटा असतो. रंग शेवटी. आधी ब्रेक, टायर, केबली. मग टाकीतील गंज आणि कार्बोरेटरमधील वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर. मग पॉइंट, प्लग, कंडेन्सर. सुरू न होणाऱ्या पुष्कळ येझ्दी एवढ्यावरच बोलू लागतात. धूर फार आणि दम कमी असेल तर सायलेन्सर पाहावा : ऑईलमिश्रित पेट्रोल जळून आतील नळकांड्यावर काजळी धरते, वाट अरुंद होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. जुने मिस्त्री ते नळकांडे सरळ आगीत घालून जाळून काढत. इंजिन उघडणे हा अगदी शेवटचा उपाय. बोअर केले असेल तर पहिले काही शे किलोमीटर हळू, थांबत थांबत चालवावे लागते. नवा पिस्टन आणि कातलेली भिंत एकमेकांना सरावेपर्यंत घाई केली तर पिस्टन तेथेच धरतो.

चालवण्यातही या यंत्राचा स्वभाव आधुनिक गाडीहून निराळा आहे, आणि तो घाटात कळतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच आत येते. वरंध किंवा आंबेनळी उतरताना नवशिका सवयीने थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी इंजिनाच्या आधारावर सोडतो. चाके इंजिनाला जोरात फिरवत राहतात, पण पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद. दोन-चार किलोमीटर असे गेले की तापलेला पिस्टन सिलेंडरला धरू शकतो आणि मागचे चाक एकाएकी लॉक होते. म्हणून जुने चालक उतारावरही मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडतात आणि डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवतात. पुढचा ड्रम ब्रेक आजच्या डिस्कसारखा पकडत नाही, तेव्हा अंतर दुप्पट राखायचे. मागून येणाऱ्यांना ही चाल भित्री वाटते. प्रत्यक्षात तो त्या यंत्राला शोभणारा वेग असतो.

या सगळ्यावर आता कायद्याचेही मत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची व्याख्या घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा मोटार त्यात येते. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठी ते रस्त्यावर आणता येते; नित्याच्या वापरासाठी नाही.

साठच्या दशकातील जावा आता वयाने या व्याख्येत बसतात. मात्र ‘मूळ रूप’ ही अट कोणती जावा पार करील? कोठीघरात झाकून ठेवलेली, न चाललेली. चार मालक, एक बदललेले इंजिन आणि बारा व्होल्टचा दिवा घेऊन साठ वर्षे बाजारहाट करणारी गाडी बहुधा बाहेर राहील. तिने अधिक इतिहास पाहिला असला तरी तो फेरफाराच्या रकान्यात जातो. ती दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या मैदानात उभी राहते, पर्यावरण कर भरते, धुराची चाचणी देते, चेसिसचा पेन्सिल-ठसा देते. १९८५ मध्ये म्हैसूरहून निघालेली रोडकिंग पन्नाशीची होईल ती २०३५ साली. तोवर तरी तिला याच मैदानात यावे लागणार आहे.